नुसती टेकलेली

चाळीस वर्षं बागेत राबलो, पण लोकांचा प्रश्न एकच. झाडाच्या फांदीवर आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, रोप बांधताना दिसलो की थांबायचे. ‘‘माळीबुवा, हे बांडगूळ झाडाला खाईल ना?’’ आणि हे म्हणे शिकलेले! अहो, बांडगूळ झाडाच्या आत शिरून रस पितं. आमरी नुसती टेकते. हवेतल्या ओलीवर जगते, झाडाचा एक थेंब घेत नाही. फक्त बांधायची सुती दोरीनं. दोरी वर्षभरात कुजते आणि तोवर मुळांनी सालीला मिठी मारलेली असते.

बायकोला भ्रम झाला तशी ती उठून वाट फुटेल तिकडे चालू लागायची. एकदा तर भर रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध सापडली. मुलगी म्हणाली, आश्रमात ठेवू. मी म्हणालो, मी असेपर्यंत ती या घरातून जाणार नाही. खिडकीपाशी बाकावर तिला शेजारी बसवली आणि तिचं मनगट माझ्या मनगटाला बांधून टाकलं. सुती दोरीनंच. हाताला दुसरं वळण कुठलं?

‘‘बाबा, माणूस आहे ती!’’ मुलगी ओरडली.

‘‘मग मी काय खांब आहे?’’

बायको मात्र शांत झाली. पुढे तिनं जेवण सोडलं, तरी सुकली नाही. उलट गाल तुकतुकीत झाले. सकाळी धुकं आत आलं की तोंड उघडून बसायची. तिला धक्का नको म्हणून मीही उठणं कमी केलं, मग सोडूनच दिलं.

दोरी कुजून गळाली त्या दिवशी मुलगी आईला न्यायला आली. पण हात सुटेना.

‘‘बाबा, सोडा तिला.’’

‘‘मी कुठं धरलंय?’’

तिनं ओढून पाहिलं. किंचाळली बायको. मला काहीच जाणवलं नाही.

डॉक्टर आला. बायकोची नाडी पाहून त्यानं मान डोलावली. मग माझा मोकळा हात धरून बराच वेळ बसला, छातीवर नळी इकडून तिकडे सरकवत राहिला.

‘‘दम आहे अजून म्हाताऱ्यात,’’ मी म्हणालो. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

‘‘आई ठणठणीत आहेत,’’ तो मुलीला हळूच म्हणाला. ‘‘त्यांच्यासाठी तरी बाबांना इतक्यात हलवू नका.’’

मुलगी जवळ आली. तिनं माझ्या पापण्या मिटल्या आणि आईच्या बाजूची खिडकी उघडली.