शिडात अडकलेली मावशी

बोटीतून उतरल्या उतरल्या भिंगरीने मावशीला मिठी मारायला हात पसरले, तर मावशीच्या कमरेला आधीच कुणीतरी चिकटलेलं!

"ही शेजारची टिकली," मावशी म्हणाली. "दिवसभर माझ्याकडेच असते."

म्हणजे बघा! बेटावर जायचं, बेटावर जायचं म्हणून भिंगरीने वर्षभर घरच्यांचे कान किटवले आणि इथे तिची जागा भरलेली! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाव तसं गोड होतं. एकच रस्ता, एका टोकाला धक्का, दुसऱ्या टोकाला नारळाची झाडं आणि मधोमध पाय ताणून झोपलेली कुत्री. सायकलची घंटा वाजली तरी लोक खिडकीत येत. पण भिंगरीला दिसायची फक्त टिकली. मावशीचा चष्मा कुठे हरवतो, तेसुद्धा टिकलीला ठाऊक!

"तिला मावशी काय म्हणतेस गं? माझ्या आईची बहीण आहे ती!"

"माझ्या आईची शेजारीण आहे," टिकली थंडपणे म्हणाली.

मावशी होड्यांची शिडं शिवायची. कापड इतकं जाड, की ते सरकवायला तिचे दोन्ही हात लागत. मशीनचं चाक फिरवायची टिकली. मावशीची हनुवटी वर गेली की चाक सुरू, खाली आली की बंद. शब्दाचं काम नाही. भिंगरीने ही खूण पाहिलीच नव्हती. टिकलीकडे डोळे वटारण्यातून तिला सवड कुठे होती?

एका सकाळी टिकली पाणी प्यायला उठली आणि भिंगरीने चाक पकडलं.

"जमेल ना?" मावशीने विचारलं.

"त्यात काय! तिला जमतं, मग मला का नाही?"

चाक गरागरा फिरलं. मावशीने हनुवटी खाली केली. पुन्हा केली. "अगं बाई, थांब!" असं ओरडेपर्यंत तिची सैल बाही शिडाला शिवली गेली होती, चांगली वीतभर! ती दचकून उठली, तर तिच्यामागून अख्खं शीड उठलं.

टिकली दारातच पोट धरून हसत सुटली. भिंगरीला वाटलं, धरणी दुभंगावी.

"हसू नकोस, सोडव मला," मावशी म्हणाली. "दोघी सोडवा!"

मग एक बाहीच्या या टोकाकडून, एक त्या टोकाकडून टाके उसवत निघाली.

"तू जाणार कधी?" टिकली पुटपुटली.

"का?"

"तू आल्यापासून दुपारची मी घरी झोपते. आधी मावशीजवळ झोपायचे."

भिंगरीचे हात थांबले. ही आपल्यावर जळते? आपल्यावर? तिला एकदम इतकं बरं वाटलं, की उरलेले टाके तिने भराभर उसवले.

"आज ये मग," ती म्हणाली. "पण मावशी तोंड माझ्याकडे करणार."

"माझ्याकडे!"

"मी छताकडे बघत झोपेन!" मावशी गरजली.

दुपारी अख्खं गाव झोपलं. मावशीही सरळ उताणी झोपली, पण झोपेत कुशीला वळली ती नेमकी टिकलीकडे. उशीवर मावशीची लांब वेणी मात्र भिंगरीच्या बाजूला आली होती. भिंगरीने तिचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि डोळे मिटले.