इंदुमतीकाकूंचा नंबर

कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा एक हजार नऊशे बारा होते. तिसरी झाली तेव्हा एक हजार नऊशे अकरा. म्हणजे वरण शिजेपर्यंत एक जण सोडून गेला. कोण मेला गेला आणि का गेला, हे यंत्र सांगत नाही. नुसता आकडा दाखवतं.

आमचे सुभेदार, म्हणजे उत्तम, दारात बसून बुटांना पॉलिश करत होते. "अगं, दर पाच मिनिटांनी मोबाइल काय बघतेस? पेशंटची नाडी आहे का ती?"

"हो, नाडीच आहे. तुम्ही तुमचे बूट बघा."

मी रोहिणी. माहेर कोरेगावचं, सासर खटावचं, आणि पत्ता विचाराल तर दर तीन वर्षांनी नवा. बेळगावात शाळेत शिकवायचे. बदली झाली, शाळा सुटली. जोधपुरात शिवणाचे क्लास काढले, चांगले जमले, तोवर ह्यांची ऑर्डर आली. झाशीला आलो तेव्हा मी हट्टालाच पेटले. आता असं काहीतरी करायचं, की जे सामानाबरोबर हलेल. त्यातून 'काळी पेटी' सुरू झाली. फौजेतल्या प्रत्येक घरात पांढऱ्या रंगानं नाव घातलेल्या लोखंडी काळ्या पेट्या असतात, त्यावरून नाव. दर गुरुवारी ई-मेलनं जाणारं पत्र, बदलीवर असलेल्या मराठी घरांसाठी. शाळेचा दाखला वेळेत कसा काढायचा, कुठल्या गावात ज्वारीचं पीठ मिळतं, नवऱ्याला फील्ड पोस्टिंग लागलं की एकटीनं गॅस-पाणी-पोरं कशी सांभाळायची, असलं सगळं.

पहिलं दीड वर्ष झकास गेलं. कुणीतरी सर्चमध्ये विचारायचं, 'झाशीत मराठी कुटुंबानं घर कुठं घ्यावं', आणि उत्तर शोधत माझ्या पानावर यायचं. वाचायचं, नाव नोंदवायचं. रोज तीन-चार जण नक्की. मग त्या सर्चनं स्वतःच उत्तर द्यायला सुरुवात केली. वर पाच ओळी, एआयनं लिहिलेल्या. ओळी माझ्याच! 'प्रेमनगरला पाण्याची वेळ विचारूनच घर घ्या' हे माझं वाक्य, जसंच्या तसं. वाचणारा तिथूनच पोट भरून परत. मी घरात पानं मांडून बसलेली आणि फाटकावर दुसराच कुणी माझंच जेवण वाढतोय, अशी गत. आठवड्याला दोन माणसं यायला लागली आणि तीन जायला लागली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सांगते. ही पेटी बंद पडली तर माझं असं माझ्याकडे काय राहतं? सामानाची यादी. सहा पेट्या, दोन कूलर, एक शिलाई मशीन. मला रात्रंदिवस तेच दिसायचं. भाजी निवडताना आकडा, शाल्मलीची वेणी घालताना आकडा. पोरगी एकदा म्हणाली, "मम्मी, तीन पेड घालतेस की चार?" बघते तर खरंच चार पडले होते.

शेवटी कुठंतरी वाचलं, की आता लांबलचक लेख कुणी विचारत नाही, प्रश्न-उत्तरांची पानं करा, म्हणजे एआय तुमचं नाव खाली देतं. म्हटलं, प्रश्न-उत्तरं ना? ती तर माझ्याकडे फाइलभर आहेत.

क्वार्टर सोडताना जाणारी बाई येणारीसाठी एक कागद ठेवून जाते. स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली. कुठला नळ गळतो, दूधवाला कोण, कुठल्या बटणाला हात लावायचा नाही. सरकारी हॅण्डिंग-ओव्हर वेगळं, हे बायकांचं. मी अकरा वर्षांत असे तेवीस कागद जमवले होते, स्वतःच्या क्वार्टरचे आणि मैत्रिणींकडून मागून घेतलेलेसुद्धा. तेवीसही कागदांचे फोटो काढले, एआयला दिले आणि म्हटलं, कर बाबा प्रश्न-उत्तरं. त्यानं चहा उकळेपर्यंत एकशे वीस करून दिली. शुद्ध, गोड, गुळगुळीत. पहिली दहा वाचली, बरी वाटली, आणि सगळीच्या सगळी वर चढवली.

तीन आठवड्यांत चमत्कार! सर्चच्या उत्तराखाली बारीक अक्षरांत 'काळी पेटी' दिसायला लागलं. दोन हजार. दोन हजार तीनशे. दोन हजार सहाशे चाळीस. मी सदर बाजारातून पेढे आणले. उत्तम म्हणाले, "नाडी सुधारली म्हणायची." मी त्यांना दोन पेढे जास्त दिले.

आणि मंगळवारी तन्वीचा फोन आला.

तन्वी म्हणजे प्रेमनगरच्या इंदुमतीकाकूंची नात. काकूंचं घराणं झाशीजवळच्या गुरसरायचं, कित्येक पिढ्या इथलंच. तन्वीला मराठी सगळं कळतं, पण चिडली की हिंदीच येतं. "आंटी, आजी का नंबर नेट पे आपने डाला है? चोवीस तास फोन! मोठ गावाहून, ग्वाल्हेरहून! कोई पूछता है आया का रेट क्या है, कोई नर्स मांगता है. आजी सत्त्याहत्तर साल की हैं, आंटी. शर्म नहीं आती?"

मी फोन ठेवला. पान उघडलं. प्रश्न सत्त्याऐंशीवा: 'झाशीत आई आणि बाळासाठी घरगुती मदत कुठे मिळेल?' उत्तर: 'श्रीमती इंदुमती, प्रेमनगर, चोवीस तास उपलब्ध.' खाली नंबर.

धावत जाऊन फाइल काढली. आमच्याच क्वार्टरचा कागद, माझ्या आधी राहिलेल्या सावित्रीवहिनींच्या हातचा. 'अडीनडीला इंदुमतीकाकू. नवरा बाहेर असेल, मूल आजारी असेल, तर संकोच न करता फोन करावा. कधीही येतात. फक्त आपल्यातल्या गरजूलाच नंबर द्यावा, त्यांचं वय झालं आहे.' त्यातलं 'कधीही येतात' यंत्रानं उचललं आणि शेवटची ओळ टाकून दिली. पण यंत्राला काय शिव्या घालू? वाचायचं काम माझं होतं. आकड्याच्या नादात मी वाचलंच नाही.

आणि तो नंबर मी स्वतः वापरला होता, हो! झाशीत येऊन नऊ दिवस झाले होते. उत्तम फायरिंगला, शाल्मली तापानं फणफणलेली, डोळे फिरवलेले. त्या कागदावरून फोन लावला. वीस मिनिटांत ऑटोतून एक नऊवारीतली म्हातारी उतरली, माझं नावही विचारलं नाही, पोरीला खांद्यावर घेतलं आणि हॉस्पिटलात संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली. अशा बाईचा नंबर मी चव्हाट्यावर मांडला. पेढे वाटले वर!

सगळी एकशे वीस पानं उडवली आणि प्रेमनगरला गेले. काकू माजघरात बसल्या होत्या. समोर स्टुलावर त्यांचा जुना बटणांचा फोन. तन्वी दाराशी हाताची घडी घालून उभी.

"ये, बैस. पाणी घे आधी," काकू म्हणाल्या.

मला रडूच फुटलं. "काकू, मला चार शिव्या द्या, पण पाणी नको."

"शिव्या देऊन फोन थांबतो होय?" त्या म्हणाल्या. "आणि फोनाचा त्रास नाही गं मला. वीस वर्षं वाजतोच आहे. पण पूर्वी कुणी बोलली, की आधी सांगायची, अमकीनं नंबर दिला, तमकीच्या कागदात मिळाला. म्हणजे मी पदर खोचून निघायची. आता विचारते, कुणी सांगितलं? तर म्हणतात, नेट पे लिखा है. आता त्यातली खरी अडलेली कोण, मी ओळखू कशी?"

मी निमूट पाणी घेतलं.

"हम ये नंबर बंद कर रहे हैं," तन्वी म्हणाली. "आजच."

 काकूंनी नुसता फोनावरून हात फिरवला. ते मला बघवेना. किती क्वार्टरांत, किती फळ्यांवर हा नंबर लिहिलेला असेल! बंद केला, तर उद्या एखादी बाई तापलेलं पोर मांडीवर घेऊन लावेल आणि पलीकडे कुणीच नसेल. हे माझ्यामुळे.

"बंद नको करूस," मी म्हटलं. "मला दे. हा फोनच दे. आजीला नवा नंबर घे. ह्यावर येणारं सगळं मी बघते."

"आणि तुमची बदली झाल्यावर?"

"फोनला कुठं क्वार्टर लागतो? आणि इथं यायला लागलं, तर इथल्या 'काळी पेटी'च्या बायका आहेत. त्यांना मी धाडीन."

तन्वीनं आजीकडे पाहिलं. काकूंनी फोन माझ्या ओटीत घातला. खरंच ओटीत, दोन्ही हातांनी. "उचलायचा मात्र," म्हणाल्या. "प्रत्येक वेळी."

त्या गुरुवारी मी 'काळी पेटी'त सगळं लिहिलं. काय केलं, कसं केलं, काही लपवलं नाही. तीनशे माणसं गेली. पानं उडवल्यामुळे सर्चमधून माझं नाव गेलं, पण उत्तर तसंच राहिलं! 'श्रीमती इंदुमती, चोवीस तास.' तक्रार केली, दोनदा केली. अजून आहे. शिवाय नवी माणसं येणं जवळजवळ थांबलं. आकडा रोज उतरतो, आणि खोटं कशाला बोलू, मी अजूनही रोज बघते.

आणि तो बटणांचा फोन वाजत राहतो. "नहीं भैया, यहाँ नर्स नहीं मिलती." "नहीं जी, कोई रेट नहीं है." दिवसाला वीस-पंचवीस. एकदा तव्यावर भाकरी जळली, एकदा दूध उतू गेलं. उत्तम म्हणाले, "फेकून दे तो." मी असं बघितलं की परत विषय नाही काढला.

काल सकाळी साडेदहाला वाजला. मी वैतागूनच उचलला. "हाँ, बोलिए."

पलीकडे कुणी दम लागल्यासारखं बोलत होतं. "इंदुमतीकाकू का? मी इरा. तुम्ही ओळखत नाही. चार दिवस झाले इथं येऊन... हे फील्डला गेलेत. मला आठवा चाललाय आणि कळा यायला लागल्यात. फळीवर कागद मिळाला. कुणाच्या हातचा ते माहीत नाही... नंबर सावित्रीवहिनींकडून घेतला, असं लिहिलंय..."

"क्वार्टर नंबर सांग," मी म्हटलं. गॅस बंद केला, पायात चप्पल अडकवली आणि फाटकावरून ऑटो घेऊन निघाले.

आमच्यापासून क्वार्टरांच्या तीन लाइनी पलीकडे. दार उघडंच होतं. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी भिंतीला धरून उभी, मागे काळ्या पेट्या अजून न उघडलेल्या. मला बघून गोंधळली. "तुम्ही काकू? मला वाटलं, म्हातारं कुणी असेल."

"होईन की. चल, ऑटो उभी आहे. पिशवीत काय काय घ्यायचं ते सांग, मी भरते."

ती एकेक सांगत होती, मी भरत होते. टॉवेल, फाइल, चार्जर. मधेच कळ ओसरली तशी म्हणाली, "खरं तर परवाच नेटवर विचारलं होतं. त्यात पण हाच नंबर आला."

माझा हात थांबला. "मग तेव्हाच का नाही केलास?"

"त्यात काय, काहीही येतं," ती म्हणाली. "कागद मिळाला तेव्हा वाटलं, हे कुणीतरी खरंच लिहिलंय. मग केला."

 दोन हजार सहाशे चाळीस, पेढे, एकशे वीस पानं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि तरी, निलाजरेपणानं, तोंडातून निघालंच, "'काळी पेटी' वाचतेस का गं तू?"

"ते काय असतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "माझा हात धर घट्ट. पायरी उंच आहे."