‘धर’ आणि ‘घर’

मी एक जुनी, जेमतेम चाळीस ओळींची स्क्रिप्ट आहे, मित्रांनो. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचना. ई-पुस्तकात चुकीचा शब्द शोधायचा आणि त्या जागी बरोबर शब्द घालायचा, एवढंच माझं काम.

बंगळुरूत, के. आर. पुरमला राहणाऱ्या शलाकाने मला लिहिलं ते शेजारच्या कृष्णाबाईंसाठी. त्यांची नजर अधू झाली होती. त्यांचे दिवंगत यजमान विद्याधर यांनी धरणावरच्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या होत्या. पुस्तकाची एकच प्रत उरली होती, तिचेही स्कॅन करताना तुकडे पडले. शलाकाने त्याचं ई-पुस्तक केलं आणि फोन ते वाचून दाखवू लागला. पण स्कॅनमध्ये बऱ्याच ठिकाणी ‘घर’चं ‘धर’ झालं होतं. “आम्ही धरी आलो,” असं फोन म्हणाला की बाई हिरमुसत.

मला हुकूम मिळाला : ‘धर’ दिसेल तिथे ‘घर’ कर. बत्तीस प्रकरणं मी चुटकीसरशी उरकली. शलाकाने माझं तोंडभरून कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात उभ्या.

“शलाका, हे विद्याघर कोण गं? आणि धरणाचं घरण केलंस की!”

शलाकाचा चेहरा उतरला. उलटा बदल केला, तर बरोबर असलेली घरंही ‘धर’ होणार. आणि तिने मला मूळ फायलीवरच चालवलं होतं!

“मावशी, काकांचं पुस्तक मी बिघडवलं.”

“स्वल्प थांब,” चाळीस वर्षं बंगळुरूत काढलेल्या बाई कानडी मिसळत म्हणाल्या. “तू पहिल्यांदा पाठवलेलं माझ्या फोनात आहे ना. मी काही पुसत नाही.”

शलाका हुश्श करून तिथेच जमिनीवर बसली. माझ्याही जिवात जीव आला.

मग तिने आधी दोन प्रती काढल्या आणि मला नवा नियम शिकवला : प्रत्येक ‘धर’पाशी थांब, विचार. रविवारभर दोघी बसल्या. मी थांबायची, शलाका वाक्य वाचायची, बाई निकाल द्यायच्या.

“‘पूल डगमगत होता. मी म्हणालो, कृष्णे, हात धर.’ मावशी, इथे?”

बाई हसल्या. “तिथे ‘धर’च. राहू दे.”

आता फोन नीट वाचतो. मला क्वचितच कुणी हाक मारतं. मित्रांनो, मारलीत तर आधी प्रत काढून ठेवा. मी धावते जोरात, पण अर्थ मला कळत नाही. शंका येईल तिथे मला थांबवा आणि पुस्तक ज्याचं, त्याला विचारा. थांबण्यात मला मुळीच कमीपणा वाटत नाही.