कोंबडीच्या हाडाने निवडलेला खांब

मी सणाचा खांब बोलतोय. परवापर्यंत डोंगरावरचं झाड होतो, आज गावाच्या मधोमध उभा आहे आणि मला आनंद आवरत नाहीये!

गाव म्हणजे लढाईने उठवलेल्यांचं. सगळे करेन्नी जमातीचेच, पण त्यातही कोणी कया, कोणी कायान, कोणी कायॉ. भाषा तीन, ओढा एक. दोन वर्षं इथे खांब उभा राहिला नव्हता. कयांचे बॉ रे आजोबा दर उन्हाळ्यात कोंबडीच्या मांडीचं हाड घेऊन बसत, त्याच्या छिद्रांत बांबूच्या काड्या खोचत आणि मान हलवत. खांबाला कौल मिळत नव्हता. "ही जमीन आपल्याला ठेवून घेत नाही," असं म्हणून ते ताडपत्रीखालीच राहिले. घराला भिंत काही घातली नाही.

यंदा काड्या मनासारख्या उभ्या राहिल्या आणि निवड माझी झाली! मला तोडलं, सोललं, पांढरा रंग दिला. मी मध्ये जरासा वाकडा आहे.

"आजोबा, कोंबडी चकणी होती का हो?" एका कायान गड्याने विचारलंच. मी मनावर घेतलं नाही.

खरी धांदल मला उभं करताना उडाली. तीन दोर, तीन टोळ्या, तीन भाषांतल्या आरोळ्या. कया ओढत तेव्हा कायान दम खात, कायॉ ओढायला लागले की कया थांबत. मी अर्धा वर गेलो आणि डगमगलो. आजोबांचा चेहरा उतरला. मी पडलो असतो तर कौल खोटा ठरला असता आणि त्यांनी पुन्हा बोचकं बांधलं असतं.

बायका खांबाला हात लावत नाहीत. गळ्यात पितळी कडी घातलेल्या कायान म्हातारीनेही, मू प्रोनेही, लावला नाही. तिने काशाच्या ढोलाची टिपरी उचलली.

"बोंबलताय कशाला रे मेल्यांनो? तोंडं मिटा. ढोल वाजला की ओढायचं."

धम्म! सगळे एकदम. धम्म! मी सरळ आभाळात!

मग आजोबांनी माझ्या शेजारी दोन पावलं मोजून दगड ठेवला. पुढच्या वर्षीचा खांब तिथे येईल. मी इथेच उन्हापावसात कुजेन, चालेल. फक्त मला उपटू नका.

"मू प्रो," आजोबा हळूच म्हणाले, "जास्तीचे बांबू आहेत का गं? भिंत घालीन म्हणतो."

"आहेत की. दोन वर्षांपासून तुमच्यासाठी बाजूला ठेवलेत."