बर्फाच्या चित्राची काच

बसा, टेका जरा. घाई नसेल तर एक गोष्ट सांगतो. एका काचवाल्याची आहे, आणि जग वाचवायला निघालेल्या त्याच्या पोरीची. दोघांत शहाणं कोण, ते मला विचारू नका. मला अजून कळलेलं नाही.

तर हा काचवाला. चाळीस वर्षं चित्रांना काचा बसवत आला. शहरातल्या चित्रांच्या संग्रहालयाचं सगळं काम याच्याकडे. कापडी हातमोजे घातल्याशिवाय काचेला शिवायचा नाही. बायकोनं पाण्याचा पेला दिला तरी दोन बोटांनी कडेला धरून प्यायचा, हात तसा वळलेलाच. आणि एक घमेंड होती. म्हणायचा, "माझ्या काचेच्या आत माझा ठसा कुणी दाखवला, तर मिशी उतरवीन." मिशी मोठी झुबकेदार होती. लोक ठसा शोधायचे बरं का. मिळाला नाही कुणाला.

त्याची पोरगी बावीस वर्षांची. लहानपणापासून एका जागी ठरायची नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. कॉलेज संपलं आणि ती त्या हवामानवाल्यांच्यात गेली. ऊन वाढतंय, बर्फ वितळतोय, धूर बंद करा, म्हणणारी मंडळी. दोन वर्षं तिनं काय नाही केलं. सायकली काढल्या, सह्या गोळा केल्या, अर्ज लिहिले.

"किती अर्ज केलेत आत्तापर्यंत?" बापानं एकदा विचारलं.

"चारशे."

"मग? उत्तर आलं का?"

"आलं ना. अर्ज मिळाला म्हणून."

काचवाला हसला, पण मनातून त्याला पटत होतं. त्याच्या शेडवर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी काच हातात धरवत नव्हती, अशी पूर्वी तापायची नाही. पण असलं बोललं की पोरगी कागद पुढं करून सही घेते, म्हणून तो गप्प बसायचा.

एके दिवशी जेवताना भिंगरी म्हणाली, "बाबा, ते संग्रहालयातलं बर्फाच्या डोंगराचं चित्र आहे ना, त्याला काच तुम्हीच बसवलीय?"

"मग काय तुझ्या मामानं?"

"चारी बाजूंनी घट्ट असते का ती? म्हणजे वरून समजा काही ओघळलं, तर आत जातं का?"

काचवाल्याचा घास हातातच राहिला. बावीस वर्षांत पोरीनं धंद्यातलं पहिल्यांदा काही विचारलं होतं. तो सुटलाच की. चौकटीला खाच कशी असते, कडेनं फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची पट्टी कशी लावतात, चित्र आणि काच यांच्यात बोटभर हवा का ठेवतात, सगळं सांगितलं. ताटातली भाकरी घेऊन काच कशी सरकवायची तेही दाखवलं. रात्री बायकोला म्हणाला, "पोरगी धंदा हातात घेणार बघ."

"तिला साधी खिडकी पुसायला सांगितली तर ऐकत नाही," बायको म्हणाली. "झोपा."

आता गंमत अशी की त्यानंतर आठच दिवसांत संग्रहालयाच्या मोठ्या बाईंनी त्याला बोलावलं. बाई संचालक होत्या, शिस्तीच्या. म्हणाल्या, "काचेत चकाकी फार येते. लोकांना डोंगर दिसतच नाही, स्वतःचीच तोंडं दिसतात. नवीन, न चकाकणारी काच बसवा." सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा यानं जुनी काच काढली, ती निघता निघताच तडकली. नवी लावायला गेला तर बसेना. चौकट दीडशे वर्षांची, एक कोपरा गुण्यात नव्हता, म्हणजे काटकोनात बसत नव्हता. यानं जुन्या काचेवरून माप घ्यायचं सोडून घमेंडीत चौकटीच्या दोनच बाजू मोजल्या होत्या. काच परत शेडवर न्यायची, कडा घासायची, बुधवारी आणायची, असं ठरलं.

"तोवर उघडंच राहील का?" यानं विचारलं.

"एका दिवसानं काय होतंय?" बाई म्हणाल्या. "दोरी आहे पुढं. आणि पहारेकरी आहेच."

पहारेकऱ्याला सगळे डुलकी म्हणायचे. का ते तुम्हाला सांगायला नको.

बुधवारी सकाळी काच गाडीत चढवून हा चहा प्यायला घरात आला, तर बायकोची शोधाशोध चाललेली. "अहो, काल बीट उकडून ठेवलं होतं. बीट आहे, पण त्याचं पाणी कुठं गेलं? आणि माझी बाटली?"

"भिंगरी कुठाय?"

"गेली की पहाटेच. त्यांच्यातल्या त्या चष्मेवाल्या पोराबरोबर. म्हणाली, बाबांना सांग, संध्याकाळच्या बातम्या बघा. आणि फोन घरीच ठेवून गेलीय येडी."

काचवाल्यानं चहा तसाच खाली ठेवला. ओघळलं तर आत जातं का, असं विचारत होती कारटी. धंदा कसला हातात घेतेय. आणि आपण तिला तासभर बसून सांगितलं, की जात नाही, थेंब जात नाही.

ते तेव्हा खरं होतं. आज तिथं काचच नव्हती.

निघाला. आता गाडीत काच असली की जोरात जाता येत नाही, हा या धंद्याचा शाप. खड्डा आला की थांब, वळण आलं की थांब. डोक्यात मात्र चक्र चालू. बाईंना फोन करून दालन बंद करायला सांगावं, तर बाई पहिला प्रश्न विचारणार, तुम्हाला कसं कळलं. मग पोरगी दारातच पकडली जाणार. आणि नाही सांगितलं, तर दीडशे वर्षांचं चित्र बीटाच्या पाण्यात जाणार आणि पोरगी पाचसात वर्षं तुरुंगात. फोन हातात घेतला, ठेवला. शेवटी डुलकीला लावला. डुलकीनं उचलला नाही.

संग्रहालय दोन चौक राहिलं आणि गाड्या थांबल्या. पुढं बघतो तर रस्त्यावर माणसं बसलेली, हातात फलक. पोरीचीच मंडळी. म्हणजे त्यांच्यातली सौम्य शाखा. जहाल शाखा चित्रावर फेकणार, सौम्य शाखा रस्त्यावर बसणार, बारा वाजेपर्यंत, पोलिसांची रीतसर परवानगी काढून. दोन्ही शाखांचं एकमेकींशी बोलणं बंद होतं, त्यामुळे एकीला दुसरीचा पत्ता नव्हता.

काचवाल्यानं गाडी तिथंच सोडली. काच उचलायचे दोन रबरी पंजे असतात, काचेला चिकटतात, ते मागून लावले, काच छातीशी धरली आणि त्या गर्दीतून चालायला लागला. हातमोजे गाडीतच राहिले. मंडळी सौम्य होती, गुडघे आखडून वाट देत होती. एका बाईनं विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या गटाचे?"

"काचेच्या," म्हणाला आणि पळाला. म्हणजे अकरा किलो काच घेऊन साठीचा माणूस पळेल तितका.

वर दालनात पोचला तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. भिंगरी दोरी ओलांडून उभी, हातात आईची बाटली, झाकण उघडलेलं. शेजारी चष्मेवाला कागद वाचतोय. आणि इथं देव पावला म्हणा. ते निवेदन मुळात चार ओळींचं होतं. पण त्यांच्या समितीत दहा जण, प्रत्येकानं आपापलं वाक्य घुसवलेलं. चार ओळींची चार पानं झाली होती. हा पोचला तेव्हा दुसरं पान चाललं होतं. "या चित्रातल्या बर्फाला थंड ठेवायला चोवीस तास एसी चालतो, आणि त्या एसीच्या धुरानं खरा बर्फ वितळतो," असं वाचत होता. मुद्दा चुकीचा नव्हता. समोर पंधरा-वीस लोक मोबाईल धरून. कोपऱ्यात डुलकी खुर्चीत.

काचवाला दोरी ओलांडून आत गेला आणि चित्र आणि पोरगी यांच्या मधोमध काच धरून उभा राहिला. हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत काच, वर मिशी.

भिंगरी ओठ न हलवता म्हणाली, "बाबा, बाजूला व्हा. चित्राला काही होणार नाही. काच आहे मागं."

"काच ही आहे," तो हळूच म्हणाला. "मागं नाही."

"तुम्हीच सांगितलं होतं ना."

"सांगितलं तेव्हा होती. परवा काढली."

पोरीनं मान वाकडी करून त्याच्या खांद्यावरून बघितलं. रंगाच्या रेघा उघड्या दिसत होत्या, ब्रशचे केस सुद्धा. तिचा चेहरा त्या बर्फासारखा झाला. ती काही जंगली नव्हती हो. धुता येईल एवढीच क्रांती करायला आली होती.

"बाबा, मी आत्ता..." तिनं बाटलीच्या तोंडावर हात दाबला.

"झालं नाही ना काही. गप."

"आता काय करू? सगळे बघतायत."

चष्मेवाला तिसऱ्या पानावर होता, त्याला जगाचा पत्ता नव्हता. काचवाल्यानं पोरीकडं बघितलं. नेमकं काय वाटलं ते त्यानं मला बऱ्याच वेळा सांगायचा प्रयत्न केला, दरवेळी वेगळं सांगतो. कधी म्हणतो, बाटलीसकट पकडली गेलीच होती, निदान काम तरी पुरं व्हावं. कधी म्हणतो, चारशे अर्ज आठवले. तेव्हा तो म्हणाला एवढंच, "फेक. पण खालच्या अंगाला फेक. वर माझं तोंड आहे."

तिनं फेकलं.

काचेवरून लाल पाणी ओघळत खाली आलं. थोडं मिशीत गेलं. चित्रावर थेंब नाही. चष्मेवाला वाचायचा थांबला आणि म्हणाला, "अजून एक पान आहे." मग डुलकी जागा झाला.

पोलीस आले. साहेबानं काचवाल्याला विचारलं, "तुम्ही यांच्यातले का?"

"नाही साहेब. मी काच बसवायला आलोय. बुधवारची वेळ दिली होती, बाईंना विचारा." यातला शब्द न् शब्द खरा होता.

बाईंच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या माणसानं छातीचा कोट करून आपला वारसा वाचवला." त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. तिकडं जहाल शाखेनं त्याचाच फोटो फलकावर छापला, खाली लिहिलं, 'कष्टकरीही आमच्यासोबत'. घरात दोन्ही एकाच खिळ्याला टांगतात, आलटून पालटून.

पेपरात महिनाभर वाद चालला. निम्मे म्हणाले, पोरांनी अति केलं. निम्मे म्हणाले, कसलं आलंय अति, काचेवर फेकलं, भित्री पोरं. बर्फाविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. सौम्य शाखेच्या रस्त्यावर बसण्याची बातमी तर आलीच नाही. चित्राला इजा नाही म्हणून कोर्टानं भिंगरीला आणि चष्मेवाल्याला समज दिली आणि महिनाभर संग्रहालयाच्या फरश्या पुसायला लावल्या. संग्रहालयानं धडा घेतला आणि दालनात अजून एक एसी बसवला. शिवाय झाडून सगळ्या चित्रांना काचा लावायचं ठरलं. काचवाल्याला दोन वर्षांचं काम.

"बाबा," फरशी पुसता पुसता भिंगरी म्हणाली, "आमच्या आंदोलनानं फक्त तुमचं भलं झालं."

"मग पुढचा अर्ज मी करतो," तो म्हणाला. ती हसली, पण जेमतेम.

आता खरी गोष्ट. त्या बुधवारी बाई थांबायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता काच बसवा. यानं काच धुतली, तीनदा पुसली आणि बसवली. मोजे गाडीत. मागं सरकून बघतो तर डाव्या कोपऱ्यात, आतल्या बाजूनं, पांढऱ्या बर्फावर, अंगठ्याएवढा लाल ठसा. बीट नखात राहिलं होतं. चाळीस वर्षांत पहिला.

काढायचा तर काच उतरवावी लागणार. चौकट जुनी, कोपरा वाकडा, चित्र पुन्हा एक दिवस उघडं. आणि जहाल शाखेत हल्ली एक गट म्हणतो, काचेवर फेकून काही होत नाही. भिंगरी त्यावर हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. परवा जेवताना तिनं विचारलं, "बाबा, ती काच परत कधी काढणार आहात का?" मागच्या वेळी विचारलं होतं तसाच गोड आवाज. काचवाल्यानं पाण्याचा पेला कडेला धरला आणि म्हणाला, "नाही. ती आता जन्माची बसली."

तेव्हा तुम्ही कधी ते चित्र बघायला गेलात, तर डाव्या कोपऱ्यात बर्फावर लाल ठिपका दिसेल. बरेच लोक म्हणतात, चित्रकारानं सूर्य उगवताना दाखवलाय, केवढी नजर. तुम्हीही तसंच म्हणा. बाईंना काही बोलू नका, त्या काच उतरवायला लावतील. मिशी गेली तर परत येईल, पण पोरगी एकच आहे.