नऊ खणांची कढई

मी नऊ खणांची कढई बोलतेय. नाक मुरडू नका. तुमच्या स्वयंपाकघरात अशी कढई नसेल, अख्ख्या झाशीत तरी दुसरी नव्हती.

माझा जन्म बडा बाजारातला. स्टेशनाजवळ ल्यू नावाच्या चिनी माणसाची खानावळ होती. तो चीनच्या सेचुआन मुलखातला. त्यानं जमिनीवर कोळशानं चित्र काढून तांबटाला समजावलं. तांब्याची रुंद कढई हवी आणि तिच्या आत बसणारी नऊ खणांची चौकट. चौकट मात्र तळाला टेकायला नको, बोटभर वर राहिली पाहिजे. तांबटानं कारण विचारलं. ल्यूचं हिंदी ‘तीखा’ आणि ‘गरम’ एवढ्यावरच संपत होतं. तांबटानं कपाळाला हात लावला आणि सांगितलं तसं करून दिलं.

त्याच्याकडे जेवायची रीतच न्यारी. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर मी आणि माझ्यात रटरटणारा लालभडक रस्सा. चिरलेली भाजी ज्यानं त्यानं आपल्या खणात सोडायची, शिजली की आपणच काढून खायची. मटणाची कढई लोखंडाची, ती निराळी. माझ्यात फक्त भाज्या. सोवळी म्हणा हवं तर.

दर शुक्रवारी तिघे मित्र यायचे, तिघेही रेल्वेतले. इंजिन ड्रायव्हर हनीफ, गार्ड जनार्दन आणि पार्सल ऑफिसातले कारकून नीलकंठराव. नीलकंठराव कुणाबरोबर जेवत नसत. मित्र जेवायचे, हे बाजूला बसून पान चघळायचे. पण माझ्या रश्श्यात जीभ बधिर करणारा एक मसाला असे. एकदा त्याचा वास नाकात गेला आणि हे चपापले. त्यांच्या आजीकडे कोकणातून तिरफळं यायची, अगदी तसाच वास. मग उठून जवळ आले, तेव्हा त्यांना माझे खण दिसले.

“ही तर नऊ वेगळी पातेलीच की,” ते म्हणाले आणि कोपऱ्यातला खण धरून बसले. शेजारचा खण हनीफचा.

खरं काय ते मला ठाऊक होतं. खण वरच्यावर, खाली सगळा रस्सा एकच. पण कढईला विचारतंय कोण! जनार्दन चिडवायचा की खणाला कुलूपही लावून घ्या. नीलकंठराव हसायचे, खण काही सोडायचे नाहीत. हनीफ बिचारा त्यांना आपला हात लागू नये म्हणून अंग आखडून जेवायचा. ते मला मुळीच आवडत नसे.

मग महायुद्ध आलं. फौजेच्या गाड्या चालवायला हनीफला पार इराकात, बसऱ्याला पाठवायचं ठरलं. निघण्याआधीच्या शुक्रवारी तिघे आले. हनीफनं आपल्या खणात कमळकाकडी सोडली. ती एकट्या त्यालाच आवडायची. जाळ वाढला, रस्सा उसळला आणि एक चकती चौकटीखालून सरकत नीलकंठरावांच्या खणात वर आली.

हनीफचा चेहरा पडला. “पंडितजी, छोड़ दीजिए. आपके लिए दूसरा मँगवा लेते हैं.”

नीलकंठराव चकतीकडे बघत राहिले. मग त्यांनी चमचा पार तळाशी घातला, चौकटीखालून हनीफच्या खणापर्यंत नेला आणि परत आणला. आता हे उठणार आणि हनीफ असाच जाणार, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला.

त्यांनी चकती उचलली, फुंकर घातली आणि खाल्ली.

“म्हणजे आपण पहिल्यापासून एकत्रच जेवतोय,” ते म्हणाले. “मीच तेवढा एकटा जेवत होतो.”

त्या दिवशी हनीफ पहिल्यांदा कोपरं मोकळी सोडून जेवला.

तो परत आला नाही. तिकडेच तापानं गेला, बातमी जनार्दननं आणली. पुढच्या शुक्रवारी दोघेच आले. नीलकंठरावांनी हनीफच्या खणात कमळकाकडी सोडली आणि चकती आपल्याकडे येईपर्यंत थांबले. तिला बराच वेळ लागला. तोवर जनार्दननंही घास घेतला नाही.

पुढे ल्यू गेला, खानावळ मिटली. आता मी मानिक चौकात मोडीच्या दुकानात पडून आहे. कल्हई केव्हाच उडाली. येणारं गिऱ्हाईक चौकट हलवून बघतं आणि म्हणतं, ही नीट बसत नाही, खाली फट राहते. दुकानदार म्हणतो, ठोकून बसवून देतो.

न्या मला, हवं ते शिजवा. पण बाबांनो, ती फट तेवढी बुजवू नका.