टिक कशी दिसते

पाकदे गुनार्दी म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. जावा बेटावरच्या योग्यकार्तात स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या लोकांसाठी ते किट तयार करून विकतात. कुणाला रेडिओचं, कुणाला घड्याळाचं, कुणाला आवाज झाला की लागणाऱ्या दिव्याचं. पिशवीत सगळे सुटे भाग आणि एक माहितीचा कागद असतो. घरी बसून कागद वाचायचा, एकेक भाग सोल्डर करून जोडायचा आणि शेवटी ते चालू झालं की पोरासारखं खूष व्हायचं.

माल चोख होता. पण एकदा आलेलं गिऱ्हाईक परत येत नव्हतं. कारण पाकदे.

त्यांचा नियम असा की, शंका असेल तर दुकानाच्या वेळेत फोन करा. मेसेजला उत्तर मिळणार नाही. बरं, फोन केला तर काय? "कागद वाचलात का? नाही ना? मग आधी वाचा." संपलं बोलणं. इंटरनेटवर एकानं लिहिलं होतं, 'किटला पाच तारे, मालकाला एकही नाही.' मी ते पाकदेंना दाखवलं, तर म्हणाले, "किटला पाच आहेत ना?" आणि चहाचा पेला उचलून आत गेले.

मी आधी एका हॉटेलात स्वागतकक्षात होते. हॉटेल विकलं गेलं आणि मी घरी बसले. तेव्हा बुदे, म्हणजे पाकदेंची बायको, मला म्हणाली, "लारस, तू दुकानात जाऊन बस. यांना माणसांशी बोलता येत नाही. तुला दुसरं काही येत नाही. जमेल तुमचं."

मी गेले. साठलेले मेसेज उघडले आणि हॉटेलातल्या सवयीनं प्रत्येकाला गोड उत्तरं द्यायला लागले. 'आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत,' वगैरे. पाकदे मला न्दुक म्हणतात, म्हणजे पोरी. ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "न्दुक, उशी हवी का तेही विचार. नाश्ता कितीला पाठवू ते विचार."

त्या मेसेजांत एका बाईचे पुष्कळ होते. नाव विदुरी, राहणार क्लातेनजवळच्या एका खेड्यात. आवाजावर लागणाऱ्या दिव्याचं किट तिनं घेतलं होतं आणि ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती. कागदावर लिहिलं होतं, 'स्क्रू हळूहळू फिरवा. रिलेमधून टिक ऐकू आली की थांबा. त्यानंतरच दिव्याच्या तारा जोडा.' रिले म्हणजे त्या किटमधला छोटा काळा डबा. त्याच्या आत एक पट्टी हलते आणि दिवा चालू होतो. विदुरी विचारत होती, 'टिक कशी दिसते?'

"ही बाई पुन्हा?" पाकदे म्हणाले. "टिक दिसत नसते, ऐकू येते. कान लावून ऐक म्हणावं. नाहीतर फोन कर."

मी तिला लिहिलं, 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. आपल्या संयमाबद्दल आभार. कृपया आठ ते चार या वेळात फोन करावा.'

लगेच उत्तर आलं. 'आभार नकोत, म्बाक. टिक कशी दिसते एवढं सांगा.' म्बाक म्हणजे ताई.

'फोनवर लवकर समजेल,' मी लिहिलं. 'आपल्याला कोणती वेळ सोयीची आहे?'

मग आलं, 'वेळेचा प्रश्न नाही. मला ऐकू येत नाही, जन्मापासून. माझ्या नवऱ्यालाही नाही. आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. ती रडली की दिवा लागावा म्हणून हे किट घेतलं. सध्या मी तिच्या पोटावर हात ठेवून झोपते. पण स्वयंपाक करताना हात तिथे ठेवता येत नाही.'

मी फोन तसाच पाकदेंच्या समोर धरला. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग वर स्क्रीन सरकवून तिचे जुने मेसेज पहिल्यापासून वाचायला लागले. आपल्याला एवढ्या वेळा काय विचारलं गेलं होतं ते ते पहिल्यांदाच वाचत होते. मग ते उठले, मांडणीवरून त्या दिव्याचं तयार किट काढलं, टेबलावर ठेवलं आणि कापूस शोधायला लागले. दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून ते स्क्रू फिरवत बसले.

दुकानात एक गिऱ्हाईक आलं. पाकदेंना हाक मारून मारून दमलं. मी त्याला म्हटलं, "थांबा जरा, त्यांना आत्ता ऐकू येत नाहीये." तो बिचारा खरंच हळहळला.

बऱ्याच वेळानं पाकदेंनी मला खूण केली. "बोट ठेव इथं," ते म्हणाले, कापसामुळे जरा मोठ्यानंच. मी काळ्या डब्यावर बोट टेकवलं. त्यांनी स्क्रू फिरवला, आणि बोटाला बारीकशी टिचकी बसली.

"ही टिक," पाकदे म्हणाले. "लिही तिला. डब्यावर बोट ठेवायचं आणि फिरवायचं. बाकीचं ते दिलगीर-बिलगीर काही लिहू नकोस."

दुसऱ्या दिवशी विदुरीचा मेसेज आला. 'टिक सापडली. बोटाला मुंगी चावल्यासारखी. दिवा लागला.' पाठोपाठ दुसरा. 'पण मुलगी झोपलेली असतानाही लागतो. मी धावत जाते, ती शांत झोपलेली. विझतो, पुन्हा लागतो. घरात कसला आवाज होतोय ते आम्हाला कसं कळणार?'

पाकदेंनी तो मेसेज वाचला. "शेजारी?" ते म्हणाले. "शेजाऱ्यांना विचार म्हणावं. नको, नको. शेजाऱ्यांना काय समजणार, मायक्रोफोनला काय ऐकू येतं ते." मग ते टेबलावरची सोल्डरिंग गन, पेचकस, तेलाची बारीक बाटली पिशवीत भरायला लागले.

"कुठे निघालात?"

"क्लातेनला. तिथे कानवालं कुणीतरी हवंय. तू पण चल. मला बोलता येत नाही, तुझी बुदे सांगते ना."

दुकानाला कुलूप लावून आम्ही गाडीनं क्लातेनला गेलो. विदुरीचा नवरा जात्मिको स्टेशनवर घ्यायला आला होता. लाकडी सामान बनवणाऱ्या कारखान्यात तो सुतारकाम करतो. मोठ्या पंजांचा, लाजरा माणूस. दोघांना एका मोटरसायकलवर नेता येईना, म्हणजे मला आणि पाकदेंना, म्हणून त्यानं दोन फेऱ्या केल्या.

घर छोटं होतं. पुढच्या खोलीत लाकडी पाळणा, त्यात त्यांची मुलगी किनांती झोपलेली. तिच्या डोक्याशी किट लावलेलं आणि भिंतीवर दिवा. विदुरी दारातच उभी होती. वयानं माझ्याएवढीच. तिनं पाकदेंना वाकून नमस्कार केला आणि फोनवर लिहून दाखवलं, 'एवढ्या लांब आलात, पाक. मला वाटलं होतं तुम्ही फार रागीट असाल.' आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' म्हणतात.

पाकदेंनी वाचलं. "आहेच म्हणून सांग," ते मला म्हणाले. मी लिहिलं. विदुरी हसली.

पाकदे किट हातात घेऊन उलटंपालटं करून बघत होते. "सोल्डरिंग बघ हिचं," ते पुटपुटले. "स्वच्छ केलंय." मग ते खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभे राहिले. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो. तेवढ्यात भिंतीवरचा दिवा लागला. पाकदेंनी डोळे उघडले आणि वर बोट केलं.

छताजवळ एक फिरता पंखा होता. डावीकडे वळला की असा किंचाळायचा की माझ्या दातांत कळ जात होती. मी आल्याआल्याच ऐकलं होतं, पण पाहुण्यानं काय बोलायचं म्हणून गप्प होते.

'पंखा,' मी लिहिलं. 'डावीकडे वळताना ओरडतो.'

जात्मिकोनं वाचलं आणि तो पंख्याकडे असा बघत राहिला, जणू कुणी त्याच्या मित्राची चहाडी केली होती. हातांनी भराभर काहीतरी म्हणाला. विदुरीनं लिहिलं, 'विचारतोय, कधीपासून ओरडतो?'

"गंज बघता, लग्नापासून," पाकदे म्हणाले.

मी ते लिहून दाखवल्यावर विदुरी आधी गोंधळली, मग हसतच सुटली. डोळ्यांतलं पाणी पुसत तिनं लिहिलं, 'माझी आई इथं राहायला आली की दुसऱ्या दिवशी परत जायची. आम्हाला वाटायचं, तिला माझं जेवण आवडत नाही.'

पाकदेंनी स्टुलावर चढून पंख्याला तेल दिलं. किंचाळणं थांबलं, पण दिवा अधूनमधून लागतच होता. मागच्या दारी शेजाऱ्यानं पिंजऱ्यात पारवे टांगले होते, त्यांचं घुमणं होतं. स्वयंपाकघरात उकळत्या पातेल्यावरचं झाकण होतं. आवाज सापडला की मी लिहून दाखवायची आणि जात्मिको जाऊन ती वस्तू नीट बघून यायचा. पुढे पुढे तर तो स्वतःच वस्तू आणायला लागला. खुर्ची ओढायचा, दार लावायचा, करवत लाकडावर फिरवायचा आणि पाकदेंकडे बघायचा. पाकदे हातानं दाखवायचे, एवढा, किंवा एवढासा, किंवा कान झाकून घ्यायचे. दोघांचं बरं चाललं होतं. मध्ये लिहिण्याची गरज पडत नव्हती.

विदुरीनं मला बाजूला घेऊन लिहिलं, 'मी हसते तेव्हा आवाज येतो?'

मी काही लिहायच्या आधी पाकदेंनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं होतं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'येतो. बदकासारखा. ऐकून बरं वाटतं.'

मग त्यांनी मायक्रोफोन पाळण्याच्या आत, कडेला बसवला, मागून कापडाची घडी लावली आणि लांबचे आवाज त्याला ऐकू येऊ नयेत म्हणून स्क्रू उलटा फिरवत आणला. पारवे घुमले, दिवा लागला नाही. जात्मिकोनं दार आपटलं, लागला नाही. आता फक्त किनांतीनं रडायचं बाकी होतं.

किनांती काही रडेना. ती जागी झाली, आमच्याकडे बघितलं आणि हसली. विदुरीनं तिच्या हातातला खुळखुळा काढून घेतला. तिनं मूठ चोखायला घेतली. आम्ही चौघं मोठी माणसं पाळण्याभोवती चटईवर बसलो होतो, एका बाळानं रडावं म्हणून वाट बघत. विदुरीनं टेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, गरम भजी आणि गोड चहा आणला. भजी संपली. पाकदे म्हणाले, "तुझ्या बुदेला आणायला हवं होतं. ती कुणालाही रडवते."

मी चिमटा काढायचं सुचवलं तर पाकदेंनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला. त्यांनी किनांतीला उचलून मांडीवर घेतलं. ती त्यांच्या चष्म्याशी खेळली, खिशातला पेचकस ओढला. आणि चांगली रमल्यावर त्यांनी तिला उचलून परत पाळण्यात ठेवलं.

तेव्हा मात्र तिनं तोंड वाकडं केलं. आधी बारीक कुरकुर, मग सूर चढला. भिंतीवरचा दिवा लागला.

विदुरी पाळण्याकडे पाठ करून पेले उचलत होती. भिंतीवर उजेड पडलेला तिला दिसला आणि ती वळली. पेले तसेच जमिनीवर ठेवून तिनं मुलीला उचललं. रडं थांबलं, दिवा विझला. जात्मिकोनं दोन्ही हात वर करून ते हलवले. ऐकू न येणारी माणसं टाळ्या अशाच वाजवतात. पाकदेंनीही हात वर केले, जरा बिचकत.

विदुरीनं मुलीला खांद्यावर घेतलं आणि एका हातानं लिहिलं, 'पाक, तिचं रडणं कसं आहे?'

पाकदेंनी बराच विचार केला. मग पुन्हा एका बोटानं लिहिलं, 'बारीक सुरू होतं. मग एकदम चढतं. मधे श्वास घ्यायला थांबते आणि पुन्हा नव्यानं. आवाज दमदार आहे. काळजी नको.'

विदुरीनं ते वाचलं, नवऱ्याला दाखवलं. तो ते वाचून मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्यांनी आम्हाला निघताना पिशवीभर पपया दिल्या. पाकदेंनी नको म्हटलं नाही.

गाडीत पाकदे खिडकीबाहेर बघत बसले होते. मध्येच म्हणाले, "आपल्या कागदांवर 'ऐका' किती ठिकाणी लिहिलंय ग?"

"बघावं लागेल."

"आणि 'लाल तार', 'हिरवी तार'? काहींना ते रंग वेगळे दिसत नाहीत. त्यातलाच एक फोन करायचा. मी त्याला म्हटलं होतं, चष्मा लावा." मग म्हणाले, "त्याचा नंबर असेल का कुठे?"

नंबर सापडला नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत सगळे कागद बदलले. तारांना आता रंगाबरोबर गाठीही असतात, एक गाठ, दोन गाठी. रिलेशेजारी एक लहान दिवा आला. तो लागला म्हणजे टिक झाली. फोनचा नियम तर गेलाच. पाकदे स्वतः मेसेज वाचायला लागले. फक्त उत्तरं त्यांच्या बोटाला उरकत नव्हती, आणि माझी उत्तरं त्यांना हॉटेलातली वाटायची.

"तिला विचार ना," ते एक दिवस म्हणाले. "विदुरीला. ती चार शब्दांत नेमकं विचारते. तशीच सांगेलही."

विदुरी आता घरी बसून आमच्या गिऱ्हाइकांना उत्तरं देते, पगारावर. मुलगी मांडीवर, फोन हातात. अडलेल्या माणसाला ती आधी एकच गोष्ट विचारते: 'तुम्हाला आत्ता समोर काय दिसतंय?' लोक सांगतात, आणि सांगता सांगता अर्ध्यांना चूक आपली आपणच सापडते. सुराबायाचे एक निवृत्त शिक्षक तर काही अडलेलं नसलं तरी तिला मेसेज करतात.

परवा एक गिऱ्हाईक हट्टाला पेटलं. त्याला कुणाशी तरी फोनवरच बोलायचं होतं. विदुरीनं त्याला लिहिलं, 'फोनवर आमचे पाक गुनार्दी असतात. ते फोनवर फारसे बरे नाहीत. मी इथेच बरी पडेन. हं, सांगा, समोर काय दिसतंय?'

मी ते पाकदेंना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते कागदावर नवी आकृती काढत होते. मान वर न करता म्हणाले, "खरं तेच लिहिलंय," आणि रेघ पुढे ओढली.